भाड्याने ड्रोन फवारणी : प्रमाणपत्र कोणाचे, जबाबदारी कोणाची?

वारणाकाठ (प्रश्न)

नमस्कार. आमच्या शेतकरी गटाने दहा लिटर टाकीचा फवारणी ड्रोन घेऊन करवीर, हातकणंगले आणि मिरज तालुक्यांत एकरी दराने काम करायचे ठरवले आहे. ऊस उंच झाला की फडात पंप घेऊन माणूस शिरू शकत नाही, त्यामुळे मागणी भरपूर आहे. ड्रोन गटाच्या नावावर असेल आणि उडवणारा तरुण पगारी असेल, तर प्रमाणपत्र कोणाकडे असावे लागते? उजळाईवाडी (कोल्हापूर) विमानतळाच्या आसपासच्या शिवारात काम घेता येईल का? आणि शेजाऱ्याच्या पिकावर औषध गेले, तर भरपाई कोणी द्यायची?

करवीरकर

ड्रोन नियम, 2021 नुसार वर्ग ठरवताना भरलेल्या टाकीसह एकूण वजन धरतात. 2 ते 25 किलोचा ड्रोन ‘स्मॉल’ वर्गात येतो, त्यामुळे आपला ड्रोन बहुधा याच वर्गातला असेल. ड्रोनची नोंदणी गटाच्या नावाने करून विशिष्ट ओळख क्रमांक घ्यावा लागतो; रिमोट पायलट प्रमाणपत्र मात्र प्रत्यक्ष उडवणाऱ्याकडेच हवे. त्यासाठी वय 18 ते 65, किमान दहावी उत्तीर्ण आणि डीजीसीएने (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने) मान्यता दिलेल्या संस्थेतले प्रशिक्षण आवश्यक आहे. खरेदीआधी त्या मॉडेलला टाइप सर्टिफिकेट (त्या मॉडेलला मिळालेले मान्यता प्रमाणपत्र) आहे ना, हे विक्रेत्याकडून लेखी घ्या, कारण त्यावाचून नोंदणी अडते आणि पैसे गुंतून पडतात.

विमानतळाच्या हद्दीपासून 8 ते 12 किलोमीटरच्या पट्ट्यात 200 फुटांपर्यंत परवानगी लागत नाही आणि फवारणी पिकाच्या वर काही फुटांवरूनच होते, त्यामुळे तिथे अडचण नसावी. 5 ते 8 किलोमीटरच्या पट्ट्यात मात्र जमिनीपासूनच पिवळे क्षेत्र सुरू होते, म्हणजे हवाई वाहतूक नियंत्रणाची परवानगी हवी. त्याहून जवळची कामे घेऊच नयेत, असे माझे मत आहे. पोलीसही तात्पुरते लाल (उड्डाणबंदीचे) क्षेत्र जाहीर करू शकतात, म्हणून डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा त्या-त्या दिवशी पाहावा.

द्राक्षबागाईतदार, मिरज

आपला तिसरा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. उसातल्या रुंद पानांच्या तणांसाठी टू-फोर-डी हे तणनाशक सर्रास वापरतात आणि द्राक्षवेल त्या औषधाला फार नाजूक असते. पाने पंख्यासारखी आकसतात, शेंडे पिळवटतात. खरड छाटणी किंवा फळछाटणीनंतरच्या कोवळ्या फुटीवर झोत आला, तर तो हंगाम हातचा जाऊ शकतो. हातपंपाने एकरी दीडशे-दोनशे लिटर पाणी लागते, तेच काम ड्रोन सुमारे दहा लिटरमध्ये करतो. म्हणजे हवेत उडणारा प्रत्येक थेंब कित्येक पट तीव्र असतो. त्यात इथिल एस्टर प्रकारचे औषध फवारणीनंतरही वाफ होऊन पसरते.

म्हणून माझी कळकळीची विनंती आहे की बागांच्या शेजारच्या उसात ड्रोनने टू-फोर-डी मारूच नये. ड्रोनसाठी मान्यता असलेलीच औषधे वापरावीत, तणनाशकाची टाकी, नळ्या आणि नोझल वेगळे ठेवावेत आणि वारा बागेकडे असेल तर काम थांबवावे. फवारणीची आगाऊ सूचना बांधाला बांध असलेल्या प्रत्येकाला द्यावी, मधमाशीपालकांनाही द्यावी.

वारणाकाठ

दोघांचेही आभार. तणनाशकाची कामे निदान पहिल्या हंगामात घेणार नाही. कीटकनाशके आणि विद्राव्य खतांपुरतेच थांबू. विम्याचे काय?

करवीरकर

250 ग्रॅमपर्यंतचे नॅनो ड्रोन वगळता तृतीय पक्ष विमा बंधनकारक आहे आणि त्याला मोटार वाहन कायद्यातल्या विम्याच्या तरतुदी योग्य त्या फेरफारांसह लागू होतात. अपघात झाल्यास पायलटने 48 तासांत ऑनलाइन कळवायचे असते. पण ड्रोन कोसळून झालेले नुकसान आणि औषध वाऱ्याने वाहून झालेले नुकसान या वेगळ्या गोष्टी आहेत, त्यामुळे दुसरे पॉलिसीत धरले आहे का, हे कंपनीकडून लेखी घ्या. उडवणारा पगारी असल्यामुळे त्याच्या चुकीची भरपाई गटाकडेच मागितली जाईल. प्रत्येक कामाची तारीख, जमिनीचा गट नंबर, औषध, मात्रा आणि वाऱ्याची दिशा वहीत लिहून त्याखाली शेतमालकाची सही घेत चला.