निवासी डॉक्टरांचा थकवा नेमका कशाने वाढतो?

प्रश्न (मेडिसिन, दुसरे वर्ष)

मी एका शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात शिकते. युनिटच्या इमर्जन्सीच्या दिवशी सकाळी सुरू झालेली ड्युटी दुसऱ्या दिवशीच्या संध्याकाळच्या राउंडपर्यंत चालते, आणि मधल्या रात्री वॉर्डात खाटांच्या मध्ये जमिनीवर गाद्या टाकूनही रुग्ण घ्यावे लागतात. याची मनाची तयारी होती. मात्र अलीकडे नवा रुग्ण आला की त्याला काय झाले असेल याआधी किती कागद भरावे लागतील हेच डोक्यात येते, आणि नातेवाइकांनी तीच गोष्ट पुन्हा विचारली तरी आवाज चढतो. विषय अजूनही मनापासून आवडतो. मग हा थकवा आहे की बर्नआउट?

उत्तर १ (मानसोपचारतज्ज्ञ)

जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या रोगांच्या वर्गीकरणात बर्नआउटची गणना आजारांत होत नाही. कामाच्या ठिकाणच्या, दीर्घकाळ न सुटलेल्या ताणातून येणारी ती अवस्था मानली आहे. त्राण संपणे, कामाविषयी दुरावा किंवा कडवटपणा वाटणे आणि आपल्या हातून काम नीट होत नाही असे वाटणे, ही तिची तीन लक्षणे. पुरेशी झोप आणि सुटी मिळूनही वॉर्डात पाऊल ठेवताच तो दुरावा परत येत असेल, तर केवळ थकवा म्हणून सोडून देऊ नका. सुटीतही कशातच मन रमत नसेल किंवा जगणे नकोसे वाटत असेल, तर नैराश्याची तपासणी लगेच करून घ्या. स्वतःच्या महाविद्यालयात जाण्याचा संकोच वाटत असल्यास बाहेरच्या तज्ज्ञांकडे जावे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास बोलता येते.

उत्तर २ (सहयोगी प्राध्यापक, मेडिसिन)

केंद्र सरकारच्या १९९२ च्या निर्देशांत निवासी डॉक्टरांसाठी सर्वसाधारणपणे आठवड्याला ४८ तासांची मर्यादा आहे, तर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृतिगटाने २०२४ मध्ये ७४ तासांची शिफारस केली. प्रत्यक्षात दोन्ही पाळले जात नाहीत, आणि त्याबद्दल मला मनापासून खंत वाटते. तरीही माझे निरीक्षण असे आहे की, कामातले समाधान तासांपेक्षाही त्या तासांत काय करावे लागते यावर अधिक ठरते. रात्री दोन वाजता रक्ताचे नमुने घेऊन प्रयोगशाळेत धावायचे, रक्तपेढीच्या खिडकीशी थांबायचे, मामा (वॉर्डबॉय) नसल्यामुळे सीटी स्कॅनला ट्रॉली स्वतः ढकलत न्यायची आणि परत येऊन जनआरोग्य योजनेच्या मंजुरीसाठी कागद अपलोड करायचे, यात डॉक्टरकीचा अंशही नाही. आमच्या युनिटला रात्रपाळीत नमुने नेण्यासाठी एक कर्मचारी मिळाला, तेव्हा तास तेवढेच राहिले, पण मुले रात्री ईसीजीवर चर्चा करू लागली.

उत्तर ३ (इंग्लंडमधील मराठी डॉक्टर)

इथेही डॉक्टर थकतात आणि वेतनासाठी त्यांनी दीर्घ संपही केले आहेत. पण इथल्या डॉक्टरांच्या नोकरीच्या २०१६ च्या करारानुसार ठरल्यापेक्षा अधिक काम झाल्यास प्रशिक्षणार्थी डॉक्टर त्याची अधिकृत नोंद करतो आणि त्या नोंदींवर देखरेख ठेवणारा वरिष्ठ नेमलेला असतो. तशी व्यवस्था नसताना एकट्याने तक्रार केली, तर सहनशक्ती कमी म्हणून ती बाजूला सारली जाते. त्यामुळे संपूर्ण युनिटने महिनाभर कोणत्या कामाला किती वेळ गेला हे लिहून ठेवावे आणि ‘मार्ड’ या निवासी डॉक्टरांच्या संघटनेच्या प्रतिनिधींमार्फत अधिष्ठात्यांसमोर मांडावे.

प्रश्नकर्ती

सर्वांचे आभार. मानसोपचारतज्ज्ञांची वेळ घेते आहे, आणि नोंदवही पुढच्या इमर्जन्सीपासून सुरू करू. आपल्याकडे योजनेचे कागद रात्री निवासी डॉक्टरांशिवाय दुसरे कोणी भरत असेल, तर ती व्यवस्था कशी लावली हे कृपया कळवावे.