पिसारोच्या चित्रातल्या सावल्या कुठून आल्या?

सिडकोची_वाचक
फ्रेंच चित्रकार कमिल पिसारोचं 'होअरफ्रॉस्ट' (म्हणजे गोठलेलं दहिवर) हे १८७३चं पेंटिंग दोन दिवस झाले मोबाइलवर उघडून बघतेय. नांगरलेलं शेत, चढणीची वाट, पाठीवर लाकडाची मोळी घेऊन चाललेला माणूस, एवढंच. पण शेतभर लांब लांब निळसर पट्टे पडलेत आणि त्यांच्या मुळाशी झाडच दिसत नाही. चित्र खूप आवडलंय पण का ते सांगता येईना, कसं बघायचं हे?

गोदाघाट_वॉटरकलर
ताई, त्या झाडांच्याच सावल्या आहेत, झाडं फ्रेमच्या बाहेर राहिलीत! मला तर ही त्याची सगळ्यात मोठी हिंमत वाटते. १८७४ला पॅरिसमध्ये इंप्रेशनिस्टांचं, म्हणजे त्या त्या क्षणाचा उजेड रंगात पकडू बघणाऱ्या चित्रकारांचं, पहिलं प्रदर्शन झालं त्यात हे चित्र होतं, आणि लुई लरुआ या समीक्षकाने खिल्ली उडवली की ही कसली शेतातली तासं, ही तर मळक्या कॅनव्हासवर पॅलेटची खरवड. मला ती खरवडच आवडते, तिचीच ढेकळं झालीत. आणि सावली काळी नसतेच, उघड्यावर आभाळाचा निळा तिच्यात उतरतो, आम्ही सकाळी घाटावर पायऱ्या रंगवतो तेव्हा रोज दिसतं. मूळ चित्र साधारण ६५ बाय ९३ सेंमी आहे, झूम करू नका, लांबून बघा.

निफाडचा_बागाईतदार
चित्रातलं मला कळत नाही पण ही सकाळ ओळखीची आहे. इकडे पारा उतरला की द्राक्षाचे मणी तडकायची धास्ती, पहाटे बागेत शेकोट्या पेटवतो आम्ही. गव्हाच्या पातीवर दहिवर गोठून पांढरं होतं, ऊन आलं की उन्हातलं लगेच जातं आणि बांधावरच्या बाभळीच्या सावलीतलं तसंच राहतं, मग सावलीच पांढरट निळी दिसते. आईला फोटो दाखवला तर म्हणाली, ऊन पडलंय पण त्या मोळीवाल्याला अजून लागलं नाही.

सिडकोची_वाचक
आईंचं वाक्य वाचून परत बघितलं, मोबाइल कपाटाला टेकवून खोलीच्या दुसऱ्या टोकाला उभी राहिले तर पट्टे एकदम जमिनीवर आडवे झाले आणि ती न काढलेली झाडं माझ्या पाठीमागे उभी आहेत असं वाटलं. दादा, गव्हावरचं ते दहिवर बघायला यायचं तर किती वाजता?

निफाडचा_बागाईतदार
थंडीची लाट आली की या, पण उजाडायच्या आत. ऊन वर आलं की काही उरत नाही. स्वेटर घाला.