बॉस्टन मॅरेथॉन: मान १९६६ च्या बॉबी गिबचा की २६१ नंबरचा?

पायवाट
बॉस्टन मॅरेथॉनमधल्या बायकांचा विषय निघाला की एकच फोटो समोर येतो. १९६७ ची शर्यत, अंगावर २६१ नंबर लावलेली कॅथरीन स्विट्झर आणि तो नंबर ओरबाडायला तिच्या मागे धावलेले आयोजक जॉक सेम्पल. खाली बऱ्याचदा लिहिलेलं असतं, 'बॉस्टन मॅरेथॉन धावणारी पहिली स्त्री'. हे खरं नाही, आणि ते इतक्या वेळा छापलं गेलंय की आता कुणी तपासतही नाही.

१८९७ मध्ये सुरू झालेली ही शर्यत पूर्ण धावणारी पहिली ज्ञात स्त्री बॉबी गिब. साल १९६६. तिने आधी प्रवेशासाठी रीतसर पत्र लिहिलं होतं. उत्तर आलं की एवढं अंतर धावणं बायकांच्या शरीराला शक्य नाही. मग ती सॅन डिएगोहून बसने पूर्व किनाऱ्यावर आली, भावाची बर्म्युडा चड्डी आणि टोपीवाला स्वेटशर्ट घातला, हॉपकिंटनला सुरुवातीच्या रेषेजवळ झुडपांत लपून राहिली आणि शर्यत सुटल्यावर गर्दीत मिसळली. बाई धावतेय हे आजूबाजूच्या पुरुषांच्या लक्षात आलं, तेव्हा त्यांनी तिला हाकललं नाही, उलट धीर दिला. वेळ ३ तास २१ मिनिटं ४० सेकंद. दोन तृतीयांश धावपटू तिच्या मागे होते.

१९६७ मध्येही ती धावली, म्हणजे तो प्रसिद्ध फोटो निघाला त्याच दिवशी, त्याच रस्त्यावर. आणि स्विट्झरच्या जवळजवळ एक तास आधी पोचली. हे किती जणांना माहीत आहे? माझं म्हणणं स्पष्ट आहे. बॉस्टनमधल्या बायकांची गोष्ट १९६६ पासून सांगायला हवी, आणि मधोमध गिब हवी.

दगडी_चौथरा
गिबच्या धावण्याबद्दल मला आदर आहे, पण मुद्दा पटला नाही. रस्त्यावरून धावणं वेगळं आणि स्पर्धेत उतरणं वेगळं. गिब स्पर्धेच्या कडेने आत आली. स्विट्झरने अर्ज भरला, पैसे भरले, वैद्यकीय दाखला दिला, नंबर घेतला. अर्जावर 'के. व्ही. स्विट्झर' अशी सही केली, ती तशीच सही करायची. गिबकडे आयोजकांना काणाडोळा करता आला, कारण कागदावर ती नव्हतीच. २६१ नंबर मात्र त्यांच्याच यादीत होता, म्हणून तर सेम्पल धावून आले. स्विट्झर थांबली नाही. सोबत धावणाऱ्या मित्राने सेम्पलना बाजूला ढकललं आणि तिने शर्यत पुरी केली. त्यानंतर अमेरिकेतल्या हौशी खेळांचे नियम ठरवणाऱ्या अमॅच्युअर ॲथलेटिक युनियनने, म्हणजे एएयूने, तिला काढून टाकलं. ही किंमत नंबर घेणाऱ्यालाच मोजावी लागते.

पायवाट
@दगडी_चौथरा, गिबने अर्ज केलाच होता आणि तिला स्पष्ट नकार मिळाला होता. दार बंद केल्यावर खिडकीतून आलेल्या माणसाला 'तू दारातून का आली नाहीस' असं विचारणं अन्यायाचं आहे. आणि काणाडोळा कुठे झाला? अंतिम रेषेवर मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर तिचा हात हातात घ्यायला उभे होते. वर्तमानपत्रांत बातमी झळकली. स्पर्धेचे संचालक मात्र म्हणत राहिले की ती शर्यतीत नव्हतीच, त्या रस्त्यावरून नुसती धावली. साठ वर्षांनी आपणही तेच म्हणायचं का?

जुना_पंच
मी अनेक वर्षं शर्यतींत पंच म्हणून काम केलंय, म्हणून दुसरी बाजू मांडतो. सेम्पल यांना खलनायक करून सगळे मोकळे होतात. त्या काळी एएयूच्या नियमांत बायकांसाठी दीड मैलाच्या वर शर्यत नव्हती. बॉस्टनची स्पर्धा एएयूच्या मान्यतेवर चालत होती. नियम मोडून नंबर गेला, तर जाब आयोजकांना द्यावा लागतो. अंगावर धावून जाणं चूकच, त्याचं समर्थन मी करत नाही. पण नियम सेम्पलनी केला नव्हता. पुढे नियम बदलला तेव्हा त्यांनी बायकांचं स्वागत केलं, आणि स्विट्झरशी त्यांची मैत्रीही झाली. मैदानावरच्या माणसाला झोडपायचं आणि नियम लिहिणाऱ्यांचं नावही घ्यायचं नाही, हे मला खटकतं.

दगडी_चौथरा
@जुना_पंच, नियम होता हे मान्य. तो कशावर उभा होता तेही पाहू. १९२८ च्या ॲमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये ८०० मीटर धावून बायका कोसळल्या अशी अतिरंजित वर्णनं छापली गेली आणि ती शर्यत १९६० पर्यंत ऑलिंपिकमधून गायब झाली. त्याच समजुतीतून दीड मैलाची मर्यादा आली. आणि १९६६ मध्ये एक बाई बॉस्टनमध्ये बेचाळीस किलोमीटर धावून ताठ उभी राहिली होती. १९६७ च्या आयोजकांना हे ठाऊक होतं. तरीही त्यांना आधी नंबर खेचावासा वाटला.

पायवाट
पाहा, सेम्पलच्या विरोधातला तुमचा सगळ्यात भक्कम पुरावा गिबच आहे.

तिसरी_घंटा
तुम्ही दोघंही एका दिवसाच्या पराक्रमावर भांडताय. नियम बदलला १९७१ च्या शरद ऋतूत, एएयूच्या अधिवेशनात, आणि तो फोटोने किंवा झुडपाने बदलला नाही. नीना कुसिकसारख्या बायकांनी समित्यांमध्ये बसून, ठराव मांडून, अधिकाऱ्यांशी वाद घालून तो बदलायला लावला. कुसिक परिचारिका होती, तीन मुलांची आई होती, आणि त्याआधी बॉस्टनला विनानंबर धावलेली होती. १९७२ मध्ये बॉस्टनने बायकांना अधिकृत प्रवेश दिला. आठ जणी उतरल्या, आठही जणींनी शर्यत पूर्ण केली, जिंकली कुसिक, ३:१०:२६ मध्ये.

तेवढ्यावरही थांबता आलं नाही. एएयूची अट होती की बायकांची सुरुवात पुरुषांपासून वेगळी हवी. त्याच वर्षी न्यूयॉर्क मॅरेथॉनमध्ये बायकांना दहा मिनिटं आधी सोडायचं ठरलं. बंदुकीचा बार झाला आणि सहाही जणी रेषेवर खाली बसल्या. दहा मिनिटं बसून राहिल्या, मग पुरुषांबरोबर धावल्या. त्यांच्या वेळेत दहा मिनिटं वाढवण्यात आली, तरी त्या हलल्या नाहीत. बॉस्टनच्या इतिहासातही या दहा मिनिटांचा उल्लेख व्हायला हवा असं मला मनापासून वाटतं, कारण वेगळ्या सुरुवातीचा हाच नियम तिथेही डोक्यावर होता.

दगडी_चौथरा
कुसिकबद्दल पूर्ण सहमत. पण मग स्विट्झरचं पुढचं कामही याच खात्यात धरा. तिने बायकांच्या स्वतंत्र शर्यतींची मालिका उभी केली. १९७८ मध्ये अटलांटा, १९८० मध्ये लंडन. लंडनला पाच खंडांतल्या बायका धावल्या. ऑलिंपिक समितीला 'बायका जगभर मॅरेथॉन धावतात' हे दाखवायला असाच पुरावा लागत होता. १९८१ मध्ये ऑलिंपिकमध्ये बायकांची मॅरेथॉन घ्यायचा निर्णय झाला आणि १९८४ ला लॉस एंजेलिसमध्ये जोन बेनॉइट जिंकली, २:२४:५२. स्विट्झरने एका फोटोवर आयुष्य काढलं असं म्हणणाऱ्यांनी ही सगळी वर्षं पाहावीत. ती फोटोमुळे प्रसिद्ध झाली आणि ती प्रसिद्धी तिने इतर बायकांसाठी वापरली.

हार्टब्रेक_चढ
सारा मे बर्मनचं नाव अजून कुणीच घेतलं नाही. १९६९, ७० आणि ७१ अशी सलग तीन वर्षं बॉस्टनमध्ये बायकांत ती पुढे होती. तीनही वेळा अनधिकृत. १९७० ची तिची वेळ ३:०५:०७. वर कुसिकची १९७२ ची अधिकृत वेळ दिलीय, शेजारी ठेवून बघा. अधिकृत विजेतीपेक्षा बर्मन पाच मिनिटांहून अधिक वेगाने धावली होती, आणि तिला ना नंबर, ना निकालात जागा. नंबर असेल तरच इतिहास, हा निकष लावला की नेमक्या या बायका गळतात. म्हणून मी पायवाट यांच्या बाजूने. फक्त एकट्या गिबला मध्यभागी बसवू नका.

शंभराव्या शर्यतीच्या वेळी, १९९६ मध्ये, ही शर्यत भरवणाऱ्या बॉस्टन ॲथलेटिक असोसिएशनने गिबला १९६६ ते ६८ ची आणि बर्मनला पुढच्या तीन वर्षांची विजेती म्हणून मान्यता दिली. गिबला तीस वर्षं वाट पाहावी लागली. ती शिल्पकारही आहे. १९८४ च्या अमेरिकन ऑलिंपिक निवड चाचणीत पहिल्या तिघींना दिलेल्या कांस्यमूर्ती तिनेच घडवल्या होत्या. म्हणजे बेनॉइटच्या हातात जे बक्षीस गेलं ते गिबने बनवलेलं होतं, आणि तोवर तिच्या स्वतःच्या तीन शर्यती कुठल्याही अधिकृत यादीत नव्हत्या.

जुना_पंच
१९९६ ची मान्यता योग्यच, पण निकालपत्रकात त्या सहा वर्षांपुढे 'तेव्हा अनधिकृत' ही टीप राहायलाच हवी. ती पुसली, तर संघटनेने काय केलं होतं तेही पुसलं जाईल.

पायवाट
@जुना_पंच, टीप ठेवा, तीत कारणासह लिहा की प्रवेश नाकारला होता. 'अनधिकृत' एवढंच लिहिलं की दोष धावणारीकडे जातो.

@दगडी_चौथरा, स्विट्झरचं नंतरचं काम मोठं आहे, त्यावर माझा वाद नाहीच. २०१७ मध्ये सत्तरीत ती पुन्हा बॉस्टन धावली आणि २६१ नंबर कायमचा तिच्या नावे राखला गेला, तोही तिचा हक्क. माझी हरकत त्या फोटोखालच्या ओळीला आहे. तिथे 'नंबर घेऊन धावलेली पहिली' लिहा, आणि त्याच दिवशी पुढे धावत असलेल्या गिबचं नाव पुढच्याच वाक्यात द्या.

दगडी_चौथरा
ओळ बदलायला माझी तयारी आहे. गिबचं नावही द्या. मधोमध मात्र स्विट्झरच राहील असं मला अजूनही वाटतं, कारण नियमाला कागदावर पहिलं आव्हान तिने दिलं.