माळ्यावर तलवार सापडली, कुणाला दाखवू? (देवगड)

खाडीकाठ: गावच्या घराचं छप्पर उतरवताना माळ्यावर चटईत गुंडाळलेली तलवार मिळाली. पातं सरळ, एकधारी, ३३ इंच, मधोमध दोन खोबण्या. मूठ लोखंडी, वाटीतून वर बोटाएवढा दांडा निघालाय. गंज भरपूर. आजोबांचा सुपारीचा धंदा, सरदारकी कुठलीच नाही. ओळखायची कशी, गंज काढायचा कसा? बजेट २००० रु. विकायची नाही.

फणसगरे: मेल्या, दशावतारातली आसतली ती! आमच्या घरात पण एक आसा.

कर्लीकाठ: तेहेतीस इंच लोखंड घेऊन रात्रभर कोण नाचतो हो? ती लाकडाची, पत्र्याची असतात.

मोडीवाचक: सरळ एकधारी पातं आणि मुठीवर दांडा, म्हणजे फिरंग असावी. पाती युरोपातून यायची, मूठ इथे चढवायचे. दांडा दुसऱ्या हाताने धरायला. खोबणीत रोमन अक्षरं आहेत का ते भिंग लावून बघा. 'अँद्रेआ फेरारा' (इटलीचा नामांकित पातं घडवणारा) दिसलं तर उड्या मारू नका, ते नाव खपतं म्हणून अनेकांनी पात्यांवर कोरलंय. फोटो टाका.

वसईकर७४: फिरंगी म्हणजे पोर्तुगीज. १७३९ ला चिमाजी अप्पांनी वसई घेतली, त्या लुटीतली असणार.

मोडीवाचक: प्रत्येक तलवार वसईला नेऊ नका. पाती जर्मनी, इटलीचीही असत.

जांभादगड: काही करा, घासू नका! मी आमची चिंच आणि पॉलिश पेपरने घासली. आरसा झाला. मुंबईच्या एका जाणकाराने हातात घेऊन विचारलं, अक्षरं कुठायत? मशीनचं तेल, मऊ कापड, बस्स. मूठ तापवायची नाही, आत लाख भरलेली असते, निसटेल.

सड्यावरचा: तेल लावा. खोबरेल.

जांभादगड: खोबरेल खवट होतं.

सड्यावरचा: आमचं नाही होत, घाण्याचं आहे.

हापूसप्रेमी: २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारने नागपूरच्या रघूजी भोसल्यांची फिरंग लंडनच्या लिलावात ४७.१५ लाखांना घेतली. तुम्ही २००० काय घेऊन बसलात? पुण्याला न्या, २५ हजार टाका, नीट तपासून घ्या.

मोडीवाचक: तिच्यावर सोन्यात रघूजींचा देवनागरी लेख आहे. ह्यांच्या चटईत ते नाही. भारत इतिहास संशोधक मंडळात आधी फोटो पाठवा.

कोर्टकचेरी: आधी पोलीस ठाण्यात लेखी कळवा, पोच घ्या. शस्त्र कायदा १९५९, नऊ इंचांवरची पाती त्यात येतात. आणि शंभर वर्षं जुनी निघाली तर परदेशी नेता येत नाही. दुबईच्या भावाला भेट देऊ नका.

फणसगरे: तरी मी म्हणतंय, दशावताराची.

खाडीकाठ: सगळ्यांचे आभार. ठाण्यात कळवलं. खोबणीत दोन-तीन अक्षरांसारखं काहीतरी होतं, पण फोटो काढायच्या आधी आईने खोबरेल चोळून देवाच्या खोलीत ठेवली, वर हळदकुंकू. दसऱ्याला पूजणार म्हणते. आता हात लावायचा नाही. २००० कौलांत गेले.