बीएमडब्ल्यू ई४६ एम३: मागच्या ट्रेलिंग आर्मचे बुश

प्रश्न: ब्रेक सोडला की गाडीची मागची बाजू लचकते, मागचे टायर आतून झिजलेत. अलाइनमेंट करूनही फरक नाही. आर्मच्या सांध्यातल्या रबरी बुशऐवजी सरळ पॉलियुरेथेनचे (कडक प्लास्टिकसारखे) बुश टाकू का?

उत्तर: आधी प्राय बार (उचकटायची पहार) घालून ट्रेलिंग आर्म, म्हणजे मागचं चाक चॅसीला जोडणारा दांडा, आडवा रेटून बघा. रबर फाटलं असेल तर आर्म सहज सरकेल. ब्रेक मारताना चाक मागे ढकललं जातं, बुश दबतो आणि टो (चाक आत-बाहेर वळलेला कोन) बदलतो; गाडी उभी असताना केलेली अलाइनमेंट तिथे काय कामाची! पॉली मात्र नको. हा आर्म वर-खाली होताना थोडा पिळलाही जातो. घट्ट पॉली ते होऊ देत नाही, सस्पेन्शन अडखळतं. रस्त्यासाठी मूळ रबर आणि दोन्ही बाजूंना लिमिटर चकत्या (बुशची आडवी हालचाल रोखणाऱ्या) पुरेत; ट्रॅकसाठी गोलाकार बेअरिंग, आवाज सहन होत असेल तर.

दुसरं उत्तर: बसवताना घोटाळा होतो तो बोल्ट आवळण्यात. रबर आतल्या नळीला चिकटवलेलं असतं, फिरत नाही, पिळतं. आर्म लोंबकळत असताना बोल्ट आवळला तर गाडी खाली टेकताच बुशला कायमचा पीळ बसतो आणि तो लवकर फाटतो. ब्रॅकेट (आर्मला चॅसीशी धरून ठेवणारा तुकडा) चॅसीला लावल्यावर बुशच्या मधल्या बोल्टपर्यंत पाना नीट पोचत नाही, म्हणून खोलण्याआधीच, चाकं जमिनीवर असताना, ब्रॅकेट आणि आर्मवर एक सलग रेघ मारा. नंतर रेघ जुळवून ११० न्यूटन-मीटरला आवळा. ब्रॅकेटची चॅसीवरची जागाही आखून ठेवा, टो तिथूनच ठरतो. अलाइनमेंट तरीही लागणारच.