भर पावसातली रोषणाई, वायरींचे जोड आणि भिजलेले डबे : तुमचे अनुभव

वाशिष्ठीकाठ
आज सकाळी माळ्यावरून आरासीचं सामान उतरवताना काकांनी केलेली लाकडी पेटी हाताला लागली. वर उतरतं झाकण, तीन बाजू बंद, तळाला मात्र काहीच नाही. ती हातात धरून बराच वेळ तशीच उभी होते.

१९९४ सालचा गणपती. तेव्हा अंगणात मिरची बल्बच्या माळा असायच्या, आणि त्या पळवणारा, म्हणजे आळीपाळीने पेटवणारा चार लाईनींचा चेजर (कंट्रोलर) काकांनी रिकाम्या तेलाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवला होता, पाऊस लागू नये म्हणून. वरून गोणपाट. दुसऱ्या दिवशी रात्री आरती चालू असताना जोरदार सर आली. वायर तुळईवरून थेट डब्यात उतरत होती. पाणी त्या वायरीवरून घरंगळत आत गेलं आणि डबाच जिवंत झाला. माझा चुलतभाऊ अनवाणी, ओल्या अंगणात. डबा आडोशाला सरकवायला त्याने हात लावला आणि हात सुटेचना. आजीने झांज टाकली, धावत पडवीत गेली आणि मेन स्विच खाली ओढला. भाऊ वाचला. तळव्यावर अजून डाग आहे.

त्या वर्षी उरलेले दिवस फक्त समया होत्या. काका जेवले नाहीत दोन दिवस. पुढच्या श्रावणात त्यांनी ही पेटी केली. चेजर आत वरच्या बाजूला टांगायचा, वायरी खालून आत न्यायच्या, आणि आत जाण्याआधी प्रत्येक वायरीला खाली झोळ द्यायचा. ‘पाणी उतारानं जातं, त्याला खाली वाट दे, ते आत येत नाही,’ एवढंच म्हणायचे. काका जाऊन सहा वर्षं झाली. पेटीत त्यांच्या हातची टेप अजून आहे.

घरचा गणपती असो, मंडळ असो, दिवाळीचा कंदील असो. पावसात बाहेरच्या लाईटिंगचं तुम्ही काय करता, काय फसलं, काय टिकलं, लिहा.

झुळूक
वाचताना काटा आला अंगावर. आजींना नमस्कार.

रानमेवा
प्लास्टिकची पिशवी!! सगळे तेच करतात. कंट्रोलरला पिशवी, वर रबरबँड घट्ट. आमचा तिसऱ्या दिवशी गेला. पिशवी कुठेही फाटलेली नव्हती आणि आत मात्र चमचाभर पाणी. कुठून आलं ते आजवर कळलं नाही.

पेठेतला वायरमन
@रानमेवा, ते पाणी हवेतून आलं. डबा किंवा पिशवी दिवसा तापते, आतली हवा पसरून फटीतून बाहेर जाते. संध्याकाळी सर आली की एकदम गार. मग बाहेरची ओली हवा आत ओढली जाते आणि रात्री तिचेच थेंब धरतात. पातेल्यावरच्या झाकणासारखं. गेलेली हवा परत येते, साचलेलं पाणी मात्र जात नाही. म्हणून मी डब्याच्या तळाला, सगळ्यात खालच्या कोपऱ्यात, तीन-चार मिलिमीटरचं भोक ठेवतो. लोक घाबरतात भोक पाडायला. पण वरच्या भोकातून पाणी आत जातं, खालच्यातून बाहेर.

वीस-बावीस वर्षं मांडवाची कामं करतोय पुण्यात. काही गोष्टी सांगतो, मधे गिऱ्हाईक आलं तर थांबेन.

पाणी वायरीच्या आतूनही येतं. हे फार कमी जणांना माहीत असतं. आत बारीक तारांचा जुडगा असतो ना, त्या तारांमधल्या फटी म्हणजे समईची वात. वात तेल ओढते तसा तो जुडगा पाणी ओढतो. वर कुठेतरी उघडं टोक किंवा नुसती टेप मारलेला जोड असला तर पाणी रबराच्या आतून चालत फूट-दोन फूट खाली कंट्रोलरच्या टर्मिनलपर्यंत येतं. बाहेरून डबा कोरडा ठाक आणि आत स्क्रू हिरवे. अशा वेळी कितीही सिलिकॉन थापा, उपयोग नाही. टोक बंद करायला हवं.

पेठेतला वायरमन
आलो. जोड कसा करतो ते. पिळून टेप मारलेला जोड मांडवाच्या आत, छताखाली चालेल. उघड्यावर नाही. सोल्डर, मग आत गोंद असलेली हीट श्रिंक ट्यूब, तापवली की आकसून घट्ट बसणारी नळी. साधी नको, गोंदवाली. तापवली की दोन्ही टोकांना गोंद बाहेर डोकावला पाहिजे, तो दिसला की जोड बसला. ट्यूब नसेल तर रबराची ओढून लावायची टेप मिळते, तिला चिकट बाजूच नसते. दुप्पट ताणून गुंडाळली की थर एकमेकांत मुरतात आणि एकसंध रबर होतं. त्यावर साधी काळी पीव्हीसी टेप, उन्हापासून राखायला.

आणि शेवटचा थर खालून वर गुंडाळायचा. कौलं शाकारतात तसं. वळचणीपासून सुरू करून वर जातो ना आपण, म्हणजे वरचं कौल खालच्यावर येतं आणि पाणी पुढे ओघळतं. टेप वरून खाली गुंडाळली तर प्रत्येक थराची कड पाण्याकडे तोंड करून उभी राहते.

वाशिष्ठीकाठ
कौलांचं अगदी पटलं दादा. काकांच्या पेटीतली टेप आत्ता जाऊन पाहिली. खालून वरच गुंडाळलेली आहे.

अबोली
आमचे बाबा पाण्याच्या बाटलीचा तळ कापून ती माळेच्या जोडावर टोपीसारखी घालायचे. बुचाच्या भोकातून वायर वर, तिथे मेणबत्तीचं मेण. पंधरा वर्षं तेच. बाकी नंतर लिहिते, कुकरची तिसरी शिट्टी झाली.

टिंब
@अबोली, मेण उन्हात वितळत नाही का?

अबोली
गणपतीत कुठलं आलंय ऊन आमच्या महाडला 😄

मालवणी मासोळी
आमची गोष्टच वेगळी. घर खाडीच्या तोंडावर. पाऊस नसला तरी हवेतच मीठ. साधी बारा व्होल्टची पिक्सेल माळ, तीन वायरी : प्लस, मायनस आणि डेटा, म्हणजे कुठल्या दिव्याने कुठला रंग दाखवायचा ते सांगणारी. दरवर्षी प्लसचीच वायर खाल्ली जायची. उघडून बघावं तर तांब्याच्या जागी निळसर हिरवी पूड, आणि मायनसची मात्र शाबूत. मला वाटायचं माळच खराब देतात. मग आयटीआयत शिकवणाऱ्या मामांनी समजावलं : ओल्या जोडात मिठाचं पाणी शिरलं की प्लस-मायनसमध्ये मुलामा चढवण्याच्या कारखान्यासारखं चालू होतं. प्लसकडचं तांबं पाण्यात विरघळत जातं. लाईट चालू ठेवली तेवढी झीज जास्त.

त्यानंतर दोन गोष्टी केल्या. जोड आट्यांच्या टोपणाचे, आत रबराची रिंग असलेले. आणि माळेचं शेवटचं मोकळं टोक! तिथे काही जोडायचं नसतं म्हणून ते तसंच लोंबत राहतं आणि तिथूनच सगळी कीड लागते. आता त्यालाही टोपण. तीन चतुर्थ्या झाल्या, तीच माळ आहे.

रानमेवा
डेटाच्या वायरीवरून आठवलं! आमच्या माळेत पाणी गेलं की पुढचे सगळे दिवे वेड्यासारखे रंग बदलायचे, मागचे मात्र शहाणे.

मालवणी मासोळी
@रानमेवा हो, मग वेड जिथून सुरू होतं तिथला जोड किंवा त्याच्या आधीचा दिवा बघायचा.

न्यू जर्सीकर
इथे दिवाळीला लावलेल्या माळा शेजारपाजारचा नाताळ होईपर्यंत राहतात, मग जानेवारीत बर्फातून ओढून काढायच्या. म्हणजे पाऊस, ओला पालापाचोळा, बर्फ सगळं झेलायचं. बाहेरच्या सॉकेटला जीएफसीआय असतं, वीज गळली की ती तोडणारं, साधारण पाच मिलिअँपिअरची गळती झाली की पडतं. पहिल्या वर्षी पाऊस आला की पडायचं. कामावरून अंधारात घरी यावं तर बाहेरची सगळी रोषणाई विझलेली, लेक दारात रडवेली. नवरा म्हणाला सॉकेट बदलू. मी म्हटलं ते काहीतरी सांगतंय, आधी ऐकू या.

एका रविवारी एकेक माळ काढून बघितली. चौथ्या माळेचा जोड गवतात पडला होता, वर ओल्या पानांचा थर. त्याला मीच मापाबाहेर टेप गुंडाळली होती. चाकूने कापली तर आतून पाणी सांडलं! टेपने पाणी अडवलं नव्हतं, कोंडून ठेवलं होतं. तेव्हापासून जोड जमिनीला टेकू देत नाही, छोट्या खुंट्यांवर वीतभर वर ठेवते, तोंड खाली. पिनांना डायइलेक्ट्रिक ग्रीसचा हलका हात. ते ग्रीस वीज वाहून नेत नाही, पाण्याला जागा ठेवत नाही एवढंच त्याचं काम. डब्यात वायर शिरते तिथे केबल ग्लँड, म्हणजे वायरीभोवती घट्ट आवळणारी कडी, तेही फक्त खालच्या बाजूला. बाजूच्या भिंतीला ग्लँड लावलेला डबा पहिल्याच वादळात भरला होता.

वाशिष्ठीकाठ, तुमच्या काकांनी हे सगळं त्या पेटीत तेव्हाच केलं होतं. वाचून डोळे भरून आले. माझे आजोळ खेडचं.

वाशिष्ठीकाठ
खेड कुठे? आमची आत्या भरण्याला दिलीय.

न्यू जर्सीकर
भरणे नाक्याच्या अलीकडेच! तुम्हाला निरोप करते.

टिंब
सिलिकॉनबद्दल कुणी सांगा. मी बाथरूमचं उरलेलं कंट्रोलरच्या डब्यात भरलं होतं. व्हिनेगरसारखा वास येत होता दोन दिवस. महिन्याने बोर्डाच्या पायांना हिरवं.

पेठेतला वायरमन
वास व्हिनेगरचा म्हणजे ते वाळताना ॲसिटिक ॲसिड सोडतं. तांब्याला ते बाधतं, बंद डब्यात तर फारच. न्यूट्रल क्युअर लिहिलेलं मागायचं. आणि बोर्डावर ओतायचं नाही, ग्लँडच्या भोवती बाहेरून.

डब्यावर आयपी ६५ लिहिलं की लोक निर्धास्त होतात. त्याचा अर्थ धूळ आत नाही आणि पाण्याचा फवारा सोसतो. पाण्यात बुडालेला नाही सोसत. मीटरभर पाण्यात अर्धा तास टिकायचा तर ६७ लागतो. आणि हे आकडे भोकं न पाडलेल्या डब्याचे. ड्रिल मारून चार वायरी नुसत्या कोंबल्या की तो आकडा विसरायचा. मी स्वतः तळाला भोक ठेवतो, म्हणून माझा डबा कायम उभा, आडोशाला आणि जमिनीपासून वर. ६५ च्या भरवशावर गटाराकडेला ठेवलेले डबे मी दरवर्षी बघतो, जीव तुटतो.

गोवळकोट
जमिनीपासून वर हे आम्ही चिपळूणकर २२ जुलै २०२१ नंतर शिकलो. पुरानंतर दीड महिन्यात गणपती होते. घरात चिखलाचा वास, भिंती ओल्या, पण गणपती आणायचाच असं आईने ठरवलं. वायरमनने खालचे सगळे बोर्ड तोडून छातीच्या वर घेतले. त्या वर्षी एकच माळ लावली, बॅटरीवर चालणारी. आख्ख्या आळीत तेवढीच. लोक बघायला यायचे. विषय सोडून लिहिलंय, पण आठवलं.

वाशिष्ठीकाठ
सोडून नाही हो. तीच माळ मला आठवतेय, मी आले होते तुमच्या आळीत.

झुळूक
गौरीच्या जेवणाला यंदा कुणाकडे भाजणीचे वडे? सहज विचारतेय, बाहेर पाऊस आहे म्हणून.

अबोली
आमच्याकडे घावन-घाटलं. ये.

बदलापूरची ताई
एक सांगू का, मनात सलतंय. गेल्या वर्षी सोसायटीच्या गणपतीला एका लाईटवाल्याने एलसीबी (वीज गळली की ती तोडणारा स्विच) पुन्हापुन्हा पडतो म्हणून तो बाजूला काढून वायर थेट जोडली. दहा दिवस झगमगाट, सगळे खूश. मुलं मांडवाच्या पाइपांना लोंबकळत होती. मला विसर्जनानंतर कळलं. अजून झोपेतून दचकून उठते कधीकधी.

पेठेतला वायरमन
ताई, हे फार चालतं आणि हे गुन्ह्यासारखंच आहे. एलसीबी पडतो कारण कुठल्यातरी ओल्या जोडातून वीज जमिनीकडे निघालेली असते. ती माणसाच्या जिवावर बेतण्याआधी तो तीस मिलिअँपिअरला तोडतो. एमसीबी किंवा फ्यूज हे काम करत नाही, माणूस चिकटला तरी त्यांना पत्ता लागत नाही, त्यांच्या दृष्टीने तो एक छोटा बल्ब. मी मंडळांना सांगतो, बाहेरच्या प्रत्येक दिशेला वेगळा एलसीबी घ्या. मग पाऊस आल्यावर एक कमान जाईल, सगळा मांडव अंधारात जाणार नाही, आणि कुणाला तो काढून टाकायचा मोह होणार नाही. खर्च वाढतो. त्या खर्चावरून मी कामं सोडलीयत.

एलसीबीवर छोटं बटण असतं, ‘टी’ लिहिलेलं. ते दाबलं की तो पडलाच पाहिजे. महिन्यातून एकदा दाबा, आणि माळा लावायच्या आदल्या दिवशी नक्की.

मालवणी मासोळी
आमच्याकडे ते बटण कुणीच दाबत नाही. उद्या दाबते.

न्यू जर्सीकर
मीही माळा लावण्याआधी दाबते. लेकीलाच सांगते दाबायला, तिला आवडतो तो खटका.

बदलापूरची ताई
हे वाचून आत्ता उठले. यांना म्हटलं खुर्ची धरा. दाबलं. पडला नाही.

पेठेतला वायरमन
घरात वीज चालू होती ना?

बदलापूरची ताई
हो, पंखा फिरतोय. तीनदा दाबलं.

पेठेतला वायरमन
मग तो निकामी आहे नाहीतर जोडणी चुकलीय. उद्या चांगल्या वायरमनला बोलावून बदला. बाहेर काही लावलंय का आत्ता?

बदलापूरची ताई
बाल्कनीत एक माळ आहे, श्रावणापासून.

वाशिष्ठीकाठ
ताई, आधी मेन बंद करा, पायात चप्पल घाला, मग माळेचा प्लग काढा. मोबाईलच्या उजेडात.

बदलापूरची ताई
काढली. कोपऱ्यातल्या जोडाची टेप हाताला ओली लागली.