ऊसतोडीवरून परतलेल्या मुलांसाठी सघन वर्ग घ्यावेत का?

प्रश्न (शिक्षिका, बीड जिल्हा)
मी जिल्हा परिषदेच्या शाळेत इयत्ता चौथीचा वर्ग सांभाळते. दिवाळीच्या सुमारास आईवडिलांबरोबर उसाच्या फडावर गेलेली मुले गुढीपाडव्याच्या आगेमागे परततात. काही जण आजीआजोबांपाशी किंवा हंगामी वसतिगृहात राहतात, पण सर्वांनाच ते साधत नाही. परवा परतलेली एक मुलगी ‘पावसाळा’ हा शब्द बोट ठेवून, एकेक अक्षर फोडून वाचत होती आणि ‘ळा’पाशी पोहोचेपर्यंत सुरुवातीचा ‘पा’ विसरून गेली. हीच मुलगी मुकादमाकडून घेतलेली उचल किती फिटली, याचा हिशोब तोंडी सांगते. अशा मुलांसाठी सुट्टीआधी आणि जूनमध्ये मिळून चाळीस दिवस, रोज दोन-अडीच तास वर्ग घेतले, तर खरोखर उपयोग होईल का?

उत्तर १
ताई, उपयोग होतो, आणि तो मोजून पाहिलेला आहे. ‘प्रथम’ या स्वयंसेवी संस्थेने २०१३-१४ मध्ये उत्तर प्रदेशातील सरकारी शाळांत तिसरी ते पाचवीच्या मुलांसाठी दहा किंवा वीस दिवसांच्या टप्प्यांत शिबिरे घेतली. वर्षअखेरीस त्या शाळांतील ४९ टक्के मुले परिच्छेद किंवा गोष्ट वाचू शकत होती, तर शिबिर न झालेल्या शाळांत हे प्रमाण २४ टक्के होते. मात्र नुसते तास वाढवून हे झाले नाही. इयत्ता बाजूला ठेवून अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट अशा स्तरांनुसार मुलांचे गट केले होते आणि प्रगती होईल तसे मूल पुढच्या गटात जात होते. आपली विद्यार्थिनी चौथीत असली तरी वाचनापुरती ती शब्दांच्या गटात बसली पाहिजे. गणितात कदाचित तिला वरचा गट लागेल.

उत्तर २ (निवृत्त केंद्रप्रमुख)
वरील मताशी मी सहमत आहे. फक्त वेळेबाबत सावध करतो. उत्तर प्रदेशातच जौनपूर जिल्ह्यात आधी स्वयंसेवकांनी शाळेबाहेर वाचनवर्ग घेतले होते. जी मुले आली त्यांचे वाचन स्पष्टपणे सुधारले, पण आली ती शंभरात जेमतेम आठ. ज्यांना गरज सर्वाधिक, त्यांच्याच घरी धाकटे भावंड सांभाळायचे असते, त्यामुळे वर्ग शाळेच्या वेळेतच घ्यावा. बिहारमधील २००८ चा अनुभवही पाहण्यासारखा आहे. तेथे सरकारी शिक्षकांनीच उन्हाळी शिबिरांत मुलांना वाचते केले. मात्र एरवीच्या शालेय दिवसांत प्रशिक्षण आणि साहित्य मिळूनही असा परिणाम दिसला नाही, कारण तेव्हा अभ्यासक्रम पुरा करण्याचे ओझे डोक्यावर होते. म्हणून मुख्याध्यापकांकडून ते दोन तास आधी अधिकृतपणे मोकळे करून घ्या, नाहीतर पहिल्याच आठवड्यात परिसर अभ्यासाचा राहिलेला पाठ ते तास खाऊन टाकेल.

उत्तर ३
माझे शिक्षण नवोदय विद्यालय या सरकारी निवासी शाळेत झाले. सकाळच्या कवायतीपासून रात्रीच्या अभ्यासिकेपर्यंत शिक्षक आमच्याजवळ असत, आणि त्या सोबतीने माझे आयुष्य बदलले, हे मी कृतज्ञतेने सांगतो. परंतु आम्ही सहावीच्या प्रवेशासाठी निवड चाचणी देऊन आत गेलो होतो, आणि जिला ‘पावसाळा’ वाचता येत नाही ती मुलगी त्या दारापर्यंतच पोहोचत नाही. त्यामुळे तिच्यासाठी आपला चाळीस दिवसांचा वर्ग मला अधिक मोलाचा वाटतो. एक विनंती आहे: चाळीसही दिवस जूनअखेर संपवू नका. शेवटचे दहा दिवस दिवाळीपूर्वी, गाड्या फडाकडे निघण्याआधी घ्या, आणि ती ज्या स्तरावर पोहोचली असेल त्याच स्तराची चार-पाच गोष्टींची पुस्तके तिच्या सामानात बांधून द्या.